पाकीट परत आलं, साडी ठेवून घेतली

वाचकांची पत्रं, सिस्टरची उत्तरं

प्रश्न : आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती १४ महिने अंथरुणावर होती. आमच्यापासून चार घरं सोडून एक ख्रिस्ती बाई राहतात, साठी उलटलेल्या. नवरा बोटीवर नोकरीला होता, आता हयात नाही. आईची आणि त्यांची ओळख म्हणजे सकाळी पोदेराच्या सायकलपाशी पाव घेताना दोन शब्द, तेवढीच. पण आई पडली तशा त्या रोज मिसाहून, म्हणजे चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेहून, परतताना आमच्याकडे यायला लागल्या. मी शाळेत, वहिनी दुकानात. त्या आईला पुसून काढायच्या, कूस बदलायच्या, पेज भरवायच्या. पेजेत मीठ कमी की जास्त यावरून दोघींचा वाद व्हायचा. आईच्या तोंडून शब्द धड फुटत नसे, तरी व्हायचा. आमच्या परसातली अबोली तोडून तिच्या केसांत माळायच्या. मार्गशीर्षात आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर मी आणि भाऊ साडी आणि पाकिटात १०,००० रुपये घेऊन त्यांच्याकडे गेलो. साडी त्यांनी घेतली. पाकीट भावाच्या खिशात परत कोंबलं आणि म्हणाल्या, "देव बरें करूं. हें म्हजें कोरेझ्म." कोरेझ्म म्हणजे त्यांचा उपवासाचा काळ. तेव्हापासून मला काहीतरी टोचतंय. आमची आई म्हणजे त्यांच्या पुण्याचं सामान होती का? भाऊ म्हणतो, "त्यांचा धर्मच तसा, सेवा करायचीच असते, तू मनाला कशाला लावून घेतेस?" हे ऋण फेडायचं कसं?
— एक शिक्षिका, फोंडा तालुका

उत्तर : आधी तुमच्या भावाचं बघू, कारण त्याचं वाक्य मी ३४ वर्षं ऐकलंय. मिरजेला नर्सिंग शिकले, लग्न होऊन म्हापशाला आले, सरकारी इस्पितळात नोकरी केली. रात्रपाळीला एकटी ४० खाटा सांभाळत असले की कुणीतरी म्हणायचंच, "तुम्हां ख्रिस्ती लोकांच्या रक्तातच असते हो सेवा." रक्तात हिमोग्लोबिन असतं. सेवा असती तर माझ्या धाकट्या भावाने आमच्या आईच्या आजारपणात निदान एकदा नगरला फेरी मारली असती. तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो.

"त्यांचा धर्मच तसा" म्हटलं की गुडघे धरून तुमच्या पायऱ्या चढणारी ती एक बाई नाहीशी होते. मग आभार मानायला कुणी उरतच नाही. फार सोयीचं वाक्य आहे ते. त्याला माझ्यातर्फे सांगा.

आता तुमचं. "पुण्याचं सामान" हा शब्द तुम्ही वापरलात आणि मी तो दोनदा वाचला. अशी सेवा असते, नाही कशाला म्हणू? आमच्या वॉर्डात एक बाई दर शुक्रवारी फळं वाटायला यायच्या. मधुमेहाच्या माणसाच्या हातात केळी ठेवून पुढच्या खाटेकडे. त्या खाटा मोजत. बायबलात ज्याची पत्रं आहेत त्या पौलालाही हा प्रकार ठाऊक होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १३व्या अध्यायात, तो म्हणतो की मी माझं सगळं वाटून टाकलं, देहसुद्धा दिला, पण प्रीती नसली तर मला काही लाभ नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू होशेय संदेष्ट्याचं एकच वचन दोनदा काढतो : मला दया पाहिजे, यज्ञ नको. ज्या धर्माच्या मधोमध क्रूस उभा आहे त्याच्याच ग्रंथात हे आहे, म्हणून सांगते.

पण तुमच्या बाई त्यांतल्या नव्हेत, आणि त्याचा पुरावा तुम्हीच पाठवलाय. पुण्यासाठी आलेलं माणूस मिठावरून भांडत नाही. ते गोड बोलतं आणि घड्याळ बघतं. जिला बोलता येत नाही अशा रोग्याशी वाद घालायचा म्हणजे तिला अजून घरची मालकीण मानायचं. माझ्या एवढ्या नोकरीत हे जमलेल्या नर्सेस मी बोटांवर मोजेन, आणि त्यांत मी स्वतःला धरत नाही. अबोलीचं तर काय सांगू. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची हे शिकवतात. केसांत फूल माळायला कुठल्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

कोरेझ्म म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ, रविवार वगळून ४० दिवस. कुणी मांस सोडतं, कुणी फेणी, माझी शेजारीण टीव्हीवरची मालिका सोडते आणि मग ईस्टरला सगळ्यांना विचारत फिरते की मध्ये काय झालं. ४० दिवसांचं कोरेझ्म १४ महिने चालत नाही, बाई! थट्टा केली हो त्यांनी. पाकीट परत करायचं होतं आणि तुम्हाला ओशाळंही करायचं नव्हतं, त्यातून काढलेली ती वाट.

पाकीट देण्यात तुमची चूक नाही. पण पैसा आला की आकडा आला, आणि आकडा आला की भागाकार आलाच. १४ महिने म्हणजे सव्वाचारशे दिवस. दिवसाला साडेतेवीस रुपये. तुम्ही हा हिशेब केला नसणार. पाकीट हातात आल्यावर त्यांच्या मनात तो झाला नसेल, असं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

त्यागी माणसाने पैशाला शिवूच नये असा काही नियम आमच्यात आहे असंही समजू नका. फिलिप्पैकरांस पत्र वाचा, चारच अध्यायांचं आहे. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली. हा एपफ्रदीत तिथे पोचला, सेवेला राहिला आणि आजारी पडून मरता मरता वाचला. पौल त्याला परत पाठवताना लिहितो की ह्याचं आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा, ह्याने माझ्यासाठी जीव धोक्यात घातला. आलेली मदत मात्र तो ठेवून घेतो! चौथ्या अध्यायात तिचे आभार मानताना त्याची कशी ओढाताण झालीय बघा. मला देणगीची हाव नाही म्हणतो, कमी-जास्तात राहायला मी शिकलोय म्हणतो, आणि शेवटी त्या मदतीलाच देवाला मान्य असा सुगंधी यज्ञ म्हणून मोकळा होतो. घेणं अवघड असतं. पौलालाही गेलं.

त्या पत्रात पैशाचा आकडा कुठेही नाही. नावं आहेत. रोमकरांस पत्राचा शेवटचा, १६वा अध्याय तर नावांनीच भरलाय. फिबी, ही पुष्कळांना आणि मलाही साहाय्य करणारी. प्रिस्का आणि अक्विल्ला, यांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली. रविवारी चर्चमध्ये हा अध्याय वाचायला आला की लोक जांभया देतात. मला बायबलातला तो सगळ्यांत माणसाळलेला भाग वाटतो. कुणी काय केलं ते नाव घेऊन, दहा जणांत वाचून दाखवायचं.

इथे थोडं घरचं सांगते. माझी आजी १८९९-१९०० च्या दुष्काळातली अनाथ पोर. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या अनाथगृहात वाढली. तिथली डाळ-भाकरी ती मरेपर्यंत विसरली नाही, चांगल्या अर्थाने. पण दर नाताळाच्या आधी मुलींना ओळीत बसवून परदेशातल्या देणगीदारांना आभाराची पत्रं लिहायला लावत, आणि पत्रात काय लिहायचं ते फळ्यावर असे. "त्या वर्षी मला खरंच आभार मानायचे होते," आजी म्हणायची, "पण फळ्यावरचे शब्द माझे नव्हते." मागून घेतलेली कृतज्ञता अशी कडू होते. तुमच्या बाईंनी तुमच्याकडून काही मागितलं नाही, तरी तुम्ही आपण होऊन फळ्यासमोर जाऊन बसलात, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं. रागावू नका.

म्हणजे आभार मानायचेच नाहीत असं मात्र नाही. लूकच्या शुभवर्तमानात, १७व्या अध्यायात, येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. एकटा परत येऊन पाया पडतो, आणि तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुद्यांच्या नजरेत परका. येशू विचारतो, "बाकीचे नऊ कुठे आहेत?" देवाच्या पुत्राच्याही ते लक्षात आलं! आम्हा नर्सेसच्या लक्षात आलं तर काय नवल? बरे झालेले लोक इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडतात ते मागे वळून बघत नाहीत, आणि तसंच बरोबर आहे, इस्पितळाची आठवण कशाला ठेवायची? पण एकदा एक रिक्षावाला त्याची मुलगी घरी गेल्यावर दोन वर्षांनी नुसता सांगायला आला की ती शाळेत जाते. बाकी काही बोलला नाही. त्या दिवशी माझी ड्युटी दुपारी दोनला संपली आणि मी चारपर्यंत तिथेच घुटमळत राहिले. हां, त्या नऊ जणांचा रोगही परत आला असं लूकने कुठे लिहिलेलं नाही. ते बरेच राहिले.

तुम्ही "ऋण" लिहिलंत. मराठीत आपण उपकार फेडतो, ऋणातून उतराई होतो, सगळी सावकारीची भाषा. आभार या शब्दातही भार आहेच. गोव्यात मात्र ख्रिस्ती माणूस "देव बरें करूं" म्हणतो. मी नवीन आले तेव्हा मला तो नुसता आशीर्वाद वाटायचा. नंतर कळलं की हेच इथलं "थँक यू". घेणाराच म्हणतो : मला नाही फेडता येणार, देव तुझं बरं करो. खातं तिथेच देवाच्या नावावर वळतं. आणि बघा, पाकीट परत करताना ते वाक्य कुणी म्हटलं? त्यांनी. आभार त्यांनी मानले तुमचे. नवरा गेलेला, घर रिकामं, आणि रोज सकाळी मिठावरून भांडायला एक बाई मिळाली होती. तुमची आई गेली तेव्हा त्यांचंही कुणी गेलंय. हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तेव्हा साडी-पाकीट बाजूला ठेवा आणि जा. दुपारी जा, सकाळी त्यांचं मीस असतं. काही मागायला जा. पेज कशी करायच्या, आईला कोणतं मीठ चालायचं, विचारा. गोव्यात ताटाचा नियम तुम्हाला मी काय सांगावा? नाताळाला कोन्सुवादाचं ताट येतं, नेवऱ्या, दोदोल, आणि चवथीला-दिवाळीला तुमच्याकडून जातं. रिकामं ताट कुणी परत करत नाही, म्हणून हिशेब कधी मिटत नाही, आणि तो मिटू नये हीच त्यात गंमत आहे. मिटला की शेजार संपला. साडी ठेवून घेतली म्हणजे ताट अजून त्यांच्याकडे आहे असं समजा.

वर्षश्राद्धाला बोलवा. जेवायला पंगतीत बसवा, आणि सगळे नातेवाईक जमले की भावाने बोलावं, तुम्ही नको, भावाने : ह्यांनी १४ महिने काय काय केलं ते, मिठासकट. आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांत लग्नाच्या आधी घरातल्या मेलेल्यांच्या नावाने गरिबांना जेवू घालतात, भिकाऱ्यांचें जेवण म्हणतात त्याला. तेव्हा मेलेल्यांची आठवण पानावर वाढायची हे त्यांना नवं नाही. वाटलं तर त्यांच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी उपकारस्तुतीचं मीस म्हणवून घ्या. मी प्रॉटेस्टंट, आमच्यात ती रीत नाही, पण मिसाच्या विधीला जे जुनं ग्रीक नाव आहे, युखारिस्त, त्याचा अर्थच आभार मानणं असा आहे, हे आमच्या पाळकांनीच मला सांगितलं होतं.

शेवटचं एक. त्यांचे गुडघे दुखतात हे मी पत्राबाहेरचं धरून चालले, साठीच्या पुढे सगळ्यांचेच दुखतात. पुढेमागे त्या पडल्या तर तुमची पाळी. त्या नको म्हणतील. सेवा करणाऱ्या माणसाला सेवा करून घेणं जमत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तर त्यांतल्या पेत्रानेही पाय मागे ओढले : "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत." त्यावर येशूने त्याला दटावलं, धुऊ दिले नाहीस तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाद्री बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी बाराही पुरुष असत, २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने बायकांनाही बसवता येतं. त्यांतल्या एकीला मी विचारलं तर म्हणाली, घरून साबणाने दोनदा पाय घासून आले होते, न जाणो पाद्रींना मळ दिसला तर! तुमच्या बाईही अशाच निघतील. मळ दिसेल, दिसू दे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गटाने पावसात घर पडलेल्या कुटुंबांना धान्य दिलं. फोटो व्हॉट्सॅपवर टाकले तर एक सर म्हणाले, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. मग लोकांना प्रेरणा कशी मिळणार?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : सरांनी सांगितलेलं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. त्याच मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असंही आहे, म्हणजे तुझी बाजूही अगदीच लंगडी नाही. एक कर. धान्याच्या पोत्यांचा फोटो टाक, तुमच्या गटाचा टाक, घेणाऱ्या माणसाचा चेहरा टाकू नकोस. त्या बाईने तांदूळ घेतले, फोटो द्यायचा सौदा तिने केला नव्हता. आणि तिच्या मुलाच्या वर्गातली पोरंही व्हॉट्सॅपवर असतात रे.

प्रश्न : वडील ८३ वर्षांचे, बिछान्यावर. त्यांच्यासाठी झारखंडची एक ख्रिस्ती मुलगी ठेवली आहे, घरातच राहते. चांगली आहे, पण आता दर रविवारी सकाळी चर्चला जायची सुट्टी हवी म्हणते, शिवाय पगारवाढ. आम्ही तिला घरच्यासारखी वागवतो. ख्रिस्ती लोकांचा सेवाभाव आम्ही ऐकून होतो. तुमच्या संत जोसेफ वाझांचंच उदाहरण घ्या. तिला आपण समजावावं, तिचा पत्ता देतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पत्ता नको.

जोसेफ वाझ मूळचे सांकवाळच्या घराण्यातले, १६५१ साली बाणावलीला आजोळी जन्मले. १६८७ मध्ये डच अंमलातल्या श्रीलंकेत, कॅथलिक पाद्रींना बंदी असताना, मजुराच्या वेशात उतरले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. १७११ मध्ये तिथेच गेले आणि २०१५ मध्ये पोपनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केलं. सगळं खरं. पण त्यांना कुणी महिन्याच्या पगारावर ठेवलं नव्हतं. ते आपण होऊन गेले. त्याग स्वतःचा करायचा असतो, कामवालीचा नव्हे. त्यांच्याबरोबर जॉन नावाचा एक सेवकही त्या बेटावर गेला होता. त्याचं फेस्त, म्हणजे संताचा सण, कुणी करत नाही. तुमचं पत्र वाचून मला तोच आठवला.

सेवाभावाचे दाखले हवे असतील तर पूर्ण घ्या. बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या २४व्या अध्यायात आहे : मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते असं म्हटलंय. आणि रविवारचं म्हणाल तर, विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे. अनुवादात ती देताना कारणही दिलंय : तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा म्हणून. नोकरांना सुट्टी द्यावी हे त्या मुलीच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही.

आणि ते "घरच्यासारखी". घरची असती तर वडिलांच्या मागे तिला वाटा मिळाला असता. मिळणार आहे? नाही ना? मग ती नोकरीला आहे. नोकरी म्हणून नीट पगार द्या, सुट्टी द्या, रात्री उठावं लागतं त्याचे वेगळे द्या. त्यावर तिने वडिलांशी चार शब्द प्रेमाने बोलले तर ती तिची देणगी. तिचे आभार तेव्हा माना, पगाराऐवजी नव्हे, पगारानंतर.

रविवारी सकाळचं काम तुम्ही करायचं. सोपं आहे, लिहून घ्या. ती शनिवारी रात्री कूस बदलून झोपवेल, पहाटे तुम्ही बदला, मग दर दोन तासांनी. ओढायचं नाही, खालची आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची, दुसरा माणूस म्हणून बायकोला नव्हे, मुलाला उठवा. टाचा, माकडहाड आणि खांद्याची हाडं रोज बघायची. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून पांढरा झाला नाही तर डॉक्टरला फोन. पेज कोमट, वडील नीट बसते करून, घाई न करता. आणि चादर ताणून घाला. चार रविवार करून बघा आणि मग मला पुन्हा पत्र टाका, सुरकुती राहिली की नाही ते खरं लिहा.